बसायला जागा

बैठकीत रामी खूरी म्हणाला,
आपला गेम फक्त सोळा ते पंचविशीतली पोरं खेळतात,
तीही रात्री, तीही फुकट.
पडद्यावर एक वाटोळा तक्ता होता.
त्यातली एवढीशी लाल फोड म्हणजे आपण.
उरलेला करडा भाग म्हणजे...
त्यानं हात असा फिरवला
की त्यात खाडी आली, पलीकडच्या इमारती आल्या,
बाहेर दोरावर लटकून काच पुसणारा माणूसही आला.
सगळे, म्हणाला.
आता सगळ्यांसाठी करायचं.

शारजा, अकरावा मजला, जुलै.
(गावाकडं अजून विचारतात, तिथं क्रिकेट बघतेस का.)

या गेममधलं शहर मी बांधते.
चार वर्षं झाली.
सातशे बारा इमारती,
एकाही घरात स्वयंपाकघर नाही.
कधी गरज पडली नाही.
गाडी पळवायची, गोळी घालायची,
मेलंच तर मागच्या चौकात पुन्हा उभं राहायचं.

घोडं कुठं पेंड खातंय
यावर तीन आठवडे खल झाला.
कुणी म्हणालं मांजरी टाका.
कुणी म्हणालं शेती.
बायकांसाठी म्हणून तीन गाड्या गुलाबी झाल्या,
मी आणि जोसेलिन एकमेकींकडं बघत राहिलो.

मग, आयुष्यात कधीच गेम न खेळलेली माणसं
शोधून आणायचं ठरलं.
तासाला पन्नास दिरहम आणि एक शवर्मा.
रात्रपाळी संपवून एक नर्स आली,
विसाव्या मिनिटाला खुर्चीतच झोपली.
अलेप्पोचे एक शिंपी आले,
हिरोच्या कोटाची बाही उलटी लावलीय म्हणाले,
आणि ती खरंच उलटी होती.
शेवटी तळघरातल्या पार्किंगचे दाऊद परकार,
हर्णैचे, सव्वीस वर्षं इथंच.

कंट्रोलर त्यांनी दोन्ही हातांत
भरल्या बशीसारखा धरला.
गाडीतून उतरले.
दार लावता येईना, म्हणून तीनदा मागं गेले.
(दार लावायची सोय आम्ही केलेलीच नाही.
पळणारा माणूस दार कशाला लावेल?)
मग समुद्राच्या कडेकडेनं चालत राहिले
चाळीस मिनिटं.
मध्ये दोघांनी त्यांना मारलं.
ते उठले, जिथं मेले होते तिथवर आले
आणि पुढं चालू लागले.
मग माझ्याकडं वळून म्हणाले,
"बाय, या शेरात बसाला जागा नाय काय कुठं?"

मी शोधलं.
नव्हती.

त्या रात्री कुणाला न विचारता
एक बाक ठेवला, समुद्राकडं तोंड करून.
समुद्र म्हणजे नुसतं चित्र,
चाळीस पावलांवर न दिसणारी भिंत.

आठवड्यानं आकडे आले.
दम्माम, सलालाह, कुवेत.
पहाटे तीन वाजता माणसं येऊन बसत होती,
बंदूक मांडीवर,
सरासरी अकरा मिनिटं.
एका बाकावर दोन अनोळखी,
आणि कुणीच कुणाला मारत नव्हतं.

रामीनं टेबलावर हात आपटला.
हाच! हाच तो करडा भाग!
दुपारपर्यंत धोरण तयार:
पहिली तीन मिनिटं फुकट.
मग सावली एक दिरहम, चहा दोन,
सूर्यास्त आठवड्याच्या पासात.
मी बाकाचे तीन प्रकार करून दिले,
लाकडी, संगमरवरी, सोन्याचा.
नाही म्हणाले नाही.
व्हिसा नोव्हेंबरात संपतो.

संध्याकाळी खाली उतरले.
दाऊदभाई रंगाच्या उपड्या डब्यावर बसले होते.
खुर्ची व्यवस्थापनानं उचलून नेली म्हणे,
येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं दिसत नाही.
कसा चाललाय गेम?
म्हटलं, चाललाय.
बाकाचं सांगणार होते, राहून गेलं.

मी गाडीत बसले.
ते उठले आणि माझं दार
बाहेरून हलकंच लावलं.

हा आवाज
आमच्याकडं अजून नाही.